पाच मिनिटांत ओवाळून निघू

आमचे मालक लष्करातनं सुटून घरी आले तेव्हा सगळं गाव मला म्हणालं, आता तुझा संसार खरा सुरू झाला. मला विचाराल तर माझी डोकेदुखी सुरू झाली. पंधरा वर्षं हा माणूस वर्षातनं एकदा सुट्टीवर यायचा, गोडाधोडाचं खायचा, पोरांना बिस्किटं वाटायचा आणि ट्रंक उचलून परत जायचा. तेवढा नवरा मला झेपत होता. आता तो रोज घरात! पहाटे अंगणात कवायत, मग गोठ्यात तपासणी, मग माझ्या फडताळातल्या डब्यांची उंचीप्रमाणं रांग. साखर कुठल्या डब्यात आणि मीठ कुठल्यात ते मला कळेना. एकदा मी त्यांनाच मिठाचा चहा पाजला, तेव्हा कुठं डबे सुटले.

माझ्या मामेभावानं सांगलीकडच्या एका साखर कारखान्यावर शब्द टाकून ठेवला होता. फाटकावर पहारेकरी. दिवाळी झाली की हजर व्हायचं. पगार बरा होता, पण पगाराचं मरू दे, राहायला खोली मिळणार होती आणि खोलीत नळ होता. घरात नळ! आमच्या गावात साताऱ्यापासनं एवढ्या जवळ असून पाणी मळ्यातल्या विहिरीवरनं आणायचं. डोक्यावर दोन हंडे ठेवून माझी मान खांद्यात गेली होती. रात्री झोपेतसुद्धा मी तो नळ सोडायचे आणि बंद करायचे.

आणि हे म्हणतात, मी न्हाई जायचा!

"का पण?" मी विचारलं. विचारलं म्हणजे ओरडलेच.

"अगं, पंधरा वरसं म्या फाटकावरच हुभा हाय. येईल त्याला 'थांब, कोण हाय?' म्हणायचं, आन् सायबाची गाडी आली की सलाम ठोकायचा. आत काय हाय ते कवा बघितलं न्हाई. आता साखरंच्या फाटकावर हुभा ऱ्हाऊ व्हय? मला आता कुणाला तरी 'या' म्हणायचंय."

"मग घरात म्हणा की! पाव्हणं काय कमी येत्यात?"

पण त्यांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. ते लोकांना किल्ले दाखवणार होते. एका दिवसात तीन किल्ले, खास एकाच कुटुंबासाठी, आणि माहिती सांगायला हे स्वतः. ही गोष्ट सत्तरच्या पुढच्या वर्षांतली. तेव्हा किल्ल्यावर जायचं म्हणजे एक तर शाळेची सहल, नाही तर हरवलेली शेळी. त्यासाठी माणूस बरोबर घ्यायचा असतो हे आमच्या बापजन्मात कुणी ऐकलं नव्हतं. ह्यांनी पोराचं इतिहासाचं पुस्तक घेतलं आणि गोठ्यात जाऊन म्हशींपुढं पाठांतर सुरू केलं. "हजरात! हे जे आपल्या डाव्या अंगाला दिसतंय..." असं म्हटलं की म्हैस खरोखर डावीकडं बघायची. त्यानं ह्यांना आणखीच चेव आला.

गिऱ्हाईकसुद्धा मिळालं हो! सांगलीच्या पेठेतले आमचे अडते. सासऱ्यांची हळद वर्षानुवर्षं त्यांच्याच दुकानातनं विकली जायची. हे दसऱ्याच्या सुमाराला सांगलीला रिकामी पोती आणायला गेले आणि पोत्यांबरोबर अडत्यांनाही बांधून आले. झालं होतं असं, की अडत्यांच्या एकुलत्या एका लेकीचा पहिला दिवाळसण होता आणि मुंबईचा जावई रुसणार हे अडत्यांना आधीच कळलं होतं. त्याला स्कूटर हवी होती आणि अडत्यांनी अंगठी करून ठेवली होती. तेव्हा निदान किल्ले तरी दाखवून त्याचं मन रमवावं, असा बेत ठरला. दिवाळीच्या शेवटच्या दिवशी अडत्यांचं साताऱ्यात बहिणीकडं येणं होतंच. तीच तारीख ठरली.

"शेवटचा दिवस?" मी म्हटलं. "आवं, त्या दिवशी भाऊबीज हाय."

"मग?"

"मग काय मग? पयला गड कुठला म्हणालात? वर्धनगड. त्याच्या खाली वन्सं ऱ्हात्यात."

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. ह्यांनी चुटकी वाजवली. "पाच मिनटात ओवाळून निघू."

पंधरा वर्षं ह्या माणसाची भाऊबीज पाकिटातनं झालेली. बहीण पाकिटात कुंकू घालून पाठवायची, हे ते कपाळाला लावायचे आणि परत पहाऱ्यावर जायचे. त्यामुळं भाऊबीज पाच मिनिटांत होते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मी मनात म्हटलं, एकदाच काय तो निकाल लागू दे.

"एक ठरवा," मी म्हटलं. "तीन न्हाई, एक. एका तरी किल्ल्याच्या दारातनं पाव्हणं आत गेलं, तर मी जन्मात कारखान्याचं नाव काढणार न्हाई. आन् न्हाई गेलं तर सोमवारी गुमान जाऊन फाटकावर हजर व्हायचं."

"एकच?" ते हसायला लागले. "अगं, तीन बघून सांजच्याला चहाला घरी!"

शेजारी बांधलेल्या म्हशीनं मान हलवली. तिचं काय, ती कशालाही मान हलवते.

त्या दिवशी पोरांना सासूबाईंच्या गळ्यात घालून मीही निघाले. पाहुण्यांत बायका आहेत तर बरोबर बाईमाणूस पाहिजे, असं निमित्त. खरं म्हणजे मला निकाल डोळ्यांनी बघायचा होता. साताऱ्यात अडत्यांच्या बहिणीच्या दारात ॲम्बेसेडर उभी होती. मुळात पांढरी असावी, पण हळदीच्या पेठेत राहून तिला कायमची कावीळ झाली होती. आत बसलं की शिंका. अडत्यांना त्यांच्या बहिणीनं पहाटेच ओवाळून मोकळं केलं होतं. ते स्वतः गाडी चालवणार. अंगानं भरदार, गळ्यात तुळशीची माळ आणि दोन्ही गुडघे दुखरे. बाईसाहेब गोऱ्या, गोल आणि सगळ्याला घाबरणाऱ्या. लेक नवी नवरी, तिचं सगळं लक्ष नवऱ्याच्या तोंडाकडं. आणि जावई! काळा चष्मा, इस्त्रीची पँट, आणि तोंड असं की कुणीतरी कच्चं कारलं चारलंय.

आमचे मालक बुशशर्ट, लष्करी टोपी, हातात बांबूची छडी आणि गळ्यात शिट्टी घालून तयार. त्यांनी शिट्टी फुंकली. बाईसाहेबांनी छातीवर हात ठेवला.

"फॉल इन! लेडीज पिछाडीला!"

पुढं तीन पुरुष, मागं आम्ही तिघी, मांडीवर फराळाचे डबे, अशी आमची पलटण निघाली. कोरेगाव येईपर्यंत ह्यांनी दिसेल त्या टेकडीचा इतिहास सांगितला. एका टेकडीवर तर मोठी लढाई झाली म्हणाले. ती टेकडी आमच्या चुलत सासऱ्यांच्या मेंढरांची, तिथं लांडग्याशिवाय कुणी कधी लढलेलं नाही. जावई म्हणाला, "हं." दिवसभरात त्याचा तो पहिला शब्द आणि पुष्कळ वेळ तोच शेवटचा.

वर्धनगडच्या वेशीतच वन्सं उभ्या. पहाटेपासनं उभ्या असणार, कारण डोक्यावरनं पदर, हातात भाकरतुकडा आणि डोळ्यांत पाणी, सगळं तयार होतं. गाडी थांबायच्या आत दार उघडून त्यांनी भावाला बाहेर काढलं.

"पंधरा वरसानं भाऊबीजंला माझ्या दारात आलाय! आवं पाव्हणं, उतरा की. असं कसं गाडीत बसताय?"

"पाच मिनटं," आमचे मालक पाहुण्यांना म्हणाले. वन्संनी ऐकलं आणि अशा हसल्या की मला पुढचं सगळं दिसलं.

पंधरा वर्षांच्या भाऊबीजा त्यांनी साठवून ठेवल्या होत्या आणि आज त्या एकदम करायच्या होत्या. आधी अभ्यंग. ह्यांनी सांगून बघितलं, अगं मी पहाटे आंघोळ केलीय. "ती बायकूच्या घरची," वन्सं म्हणाल्या, "बहिणीच्या घरची कुठाय?" टोपी, शिट्टी, बुशशर्ट उतरवून ह्यांना न्हाणीपुढं पाटावर बसवलं आणि डोक्यावर तेल ओतलं. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण दारात आलेले दोन पुरुष कोरडे कसे ठेवायचे? अडते माणूस भिडस्त. नको नको म्हणेपर्यंत वन्संच्या मालकांनी त्यांच्या टकलावर वाटीभर तेल घालून थापायला सुरुवात केली. मुंबईचा जावई मागं मागं सरत गोठ्यापर्यंत गेला. पाठीमागं बैल, पुढं वन्सं. शेवटी काळा चष्मा काढून तोही पाटावर बसला. उटणं लावलेला, उघडाबंब, कारल्याच्या तोंडाचा तो जावई बघून त्याची बायको आत पळाली आणि पदर तोंडात कोंबून हसली. लग्न झाल्यापासनं पहिल्यांदाच हसत असेल बिचारी.

मग तीन पाट, तीन रांगोळ्या, तिघांना ओळीनं बसवून ओवाळणं. वन्संनी जावयाच्या कपाळाला कुंकू लावलं तेव्हा तो म्हणाला, "मला बहीण नाहीये." कुणी विचारलं नव्हतं. वन्सं म्हणाल्या, "आता झाली की रं. गप बस, टिळा हलंल."

मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी सूर्याकडं. सूर्य डोक्यावर आला होता.

"अगं बाय, आता गड करून येतो," ते म्हणाले.

"जेवल्याबगर?"

"गड बघायचा ऱ्हाईल गं."

"गड कुठं जातुया? त्यो काय यष्टी हाय?"

लगेच पानं मांडली. अडते माळकरी म्हणून खुराड्यातली कोंबडी वाचली, पण पुरणपोळ्यांना कोण वाचवणार? कटाची आमटी, भजी, दुधाचं वाटगं, पोळीवर तुपाची धार. बाईसाहेब दुसऱ्या पोळीला घाबरल्या, तिसरीला रडकुंडीला आल्या आणि चौथीला त्यांनी भीती सोडून दिली. मी वाढत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, खावा, खावा. पाणी आणायची माझी आता शेवटची दिवाळी.

जेवून हात धुवायला सगळे अंगणात आले. तिथं तुळशीपाशी वन्संच्या पोरांनी दिवाळीचा किल्ला केला होता. दगडगोट्यांवर चिखल थापलेला, अळीव उगवून हिरवागार, बुरुजावर मातीचे मावळे, आणि एका मावळ्यापेक्षा मोठा असा प्लास्टिकचा वाघ. तिकडं बघत जावई उभा राहिला. आणि मग तो बोलला. अख्खं वाक्य बोलला!

"दरवाजा चुकलाय."

आमच्या मालकांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "काय चुकलाय?"

"सरळ समोर काढलाय. दरवाजा असा समोर नसतो. वळणाआड असतो."

"बराबर!" हे खाली उकिडवे बसले. "तेच म्हणतो मी! दोन बुरूज असं म्होरं आलं पायजेत, मधनं वाट वळाय पायजे, आन् पहारेकरी हितं. हितं हुभा राह्यला तर त्याला समदं दिसतंय आन् त्यो कुणाला दिसत न्हाई!"

खरं सांगते, इतिहासातलं ह्यांना काहीच कळत नव्हतं. राजे, तहबिह, लढाया, सगळं त्यांच्या तोंडात म्हशीच्या रवंथासारखं एकत्र व्हायचं. पण दार! दार त्यांना कळायचं. शत्रू कुठनं येईल, पहारेकऱ्याला ऊन कुठल्या अंगानं लागेल, मोठ्या दारातल्या छोट्या दिंडीतनं आत शिरणाऱ्याला मान वाकवावी लागते तेव्हा काय होतं, हे सगळं हातांनी चिखल उपसत ते सांगत होते आणि इस्त्रीच्या पँटीतला तो जावई गुडघे टेकून ऐकत होता. नुसता ऐकत नव्हता, भांडत होता. दोघांनी मिळून पोरांचा किल्ला समोरनं फोडला. पोरांनी भोकाड पसरलं. ह्यांनी त्यांच्या हातात शिट्टी दिली. मग भोकाड परवडलं असं झालं.

नवा दरवाजा होऊन हात धुवून होईपर्यंत ऊन कलंडलं. अडते बाजेवर घोरत होते. त्यांना उठवून गाडीत घातलं. मान वर करून सगळ्यांनी वर्धनगड बघितला.

"खालनं बी चांगलाच दिसतोय," आमचे मालक म्हणाले.

"सुंदर," अडते जांभई देत म्हणाले.

एक गेला.

दुसरा कल्याणगड. माझं माहेर त्याच्याच पायथ्याला. गाडीत बसतानाच मी ठणकावून सांगितलं, "माझ्या माहेरात कुणी पाय ठेवायचा न्हाई. मी तुमच्यावानी न्हाई. भावाला सांगावा धाडलाय, रस्त्यावर येऊन थांब. मी गाडीतनंच ओवाळती." हे गालातल्या गालात हसले. मला असा राग आला!

आणि मी केलंसुद्धा तसं. भाऊ रस्त्यावर उभा, गाडी थांबलेली, मी खिडकीतनं ताट बाहेर काढून ओवाळतेय. निरांजन जरा तिरपं झालं आणि फराळाच्या डब्याला गुंडाळलेल्या फडक्यानं पेट घेतला. बाईसाहेबांनी किंकाळी फोडली. अडत्यांनी अंगाखालची गादी काढून त्यावर आपटली. धूर, शिंका, गोंधळ! विझवून बघते तर माझी आई येऊन उभी. नुसती उभी राहिली, गाडीच्या दाराला हात लावून. "लेक दारावरनं जाती," एवढंच तिनं भावाला सांगितलं. मला नाहीच.

आता ह्यावर तुम्ही काय केलं असतं?

"पाच मिनटं," मी म्हटलं. कुणाकडं न बघता उतरले.

माझ्या माहेरी आमचे मालक म्हणजे घरचे जावई. त्यांना खुर्ची. दुसरा जावई मुंबईचा, म्हणून त्यालाही खुर्ची. आईच्या हिशेबी जावई कुणाचाही असो, मान सारखा. तिनं दोघांना टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. ज्याला स्कूटर पाहिजे होती, अंगठी बघून ज्यानं तीन दिवस अबोला धरला, त्या गड्यानं ती पांढरी टोपी डोक्यावर चढवली आणि बायकोला विचारलं, "सरळ आहे का?" मग दिवसभर त्यानं ती काढली नाही. काळा चष्मा बहुतेक वन्संच्या गोठ्यातच राहिला.

आणि अंगणात, देवा, माझ्या भाच्यांचा किल्ला! त्याचाही दरवाजा समोर. ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, जावयानं एकदा ह्यांच्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आवं, खरा गड वर हाय!" पण दोघं बाह्या सरसावून बसलेसुद्धा. कल्याणगडावर पाण्याची गुहा आहे, कमरेएवढ्या थंडगार पाण्यातनं अंधारात आत जावं लागतं. ती ह्यांनी माझ्या आईच्या तांब्यानं, चिखलात बोगदा पाडून, पाणी सोडून दाखवली. बोगद्यातनं पाणी निघालं ते थेट बाईसाहेबांच्या चपलेत. तिकडं माझी वहिनी शेवयाची खीर घेऊन फिरत होती आणि नको म्हणणाऱ्याच्या वाटीत दुप्पट घालत होती.

"दाजी," माझा भाऊ शेवटी म्हणाला, "आता वर निघालात तर उतरताना अंधार हुईल. गुडघं दुखणारं माणूस हाय बरुबर."

हे उठले. हात धुतले. टोपी घालायला विसरले, मी आणून दिली तर हातातच धरून बसले. ह्यांनी एकाही टेकडीचा इतिहास सांगितला नाही. पोरांकडनं परत घेतलेली शिट्टी खिशात होती.

मी जिंकले होते. साताऱ्यापर्यंत सारखा तो नळ मला कानात ऐकू येत होता. खोलीतला, पितळेच्या तोटीचा, मी अजून न बघितलेला. आणि मला काही केल्या आनंद होईना. उलट असं वाईट वाटलं, लय वाईट, की मी उगाचच बाईसाहेबांना म्हटलं, तुमच्या चपलेत पाणी गेलं नव्हं? त्या बिचाऱ्या म्हणाल्या, हो. मी म्हटलं, वाळंल.

राहिला अजिंक्यतारा. साताऱ्याच्या डोक्यावरच तो. कच्च्या वाटेनं ॲम्बेसेडर धापा टाकत अर्ध्यावर चढली आणि वाफ सोडून थांबली. खाली गावात आकाशकंदील लागायला सुरुवात झाली होती. पुढं पायवाट, पायऱ्या, आणि वर, नुसता दिसेल एवढ्यावर, दरवाजा.

अडते उतरले, गुडघ्यांवर हात ठेवून वर बघितलं. "वा! झकास दिसतो हो इथनं. पोटही जड झालंय. इथूनच नमस्कार करू म्हणतो. मजा आली बरं का तुमच्यामुळं. चला."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "बरं," म्हणाले. "जशी पाव्हण्यांची मर्जी." आणि गाडीचं दार उघडून, बाजूला सरकून, पाय जुळवून उभे राहिले. फाटकावर उभं राहतात तसे.

माझं डोकंच फिरलं. कुणावर ते मला तेव्हाही कळलं नाही. मी त्यांच्या खिशात हात घातला, शिट्टी काढली आणि फुंकली. अशी फुंकली की खालच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली.

"फॉल इन!" मी ओरडले. "कोण गाडीत बसतंय तेच बघते! चार चार पोळ्या खाताना पोट जड झालं न्हाई ते? तीन गड बघायला आलात आन् दोन चिखलाचं बघून घरी चाललात? अडत्यास्नी जावयानं धरायचं! बाईसाहेब, माझा हात धरा! लेडीज म्होरं!"

माणूस घाबरला की चालतो, हे मी त्या दिवशी शिकले. जावई टोपी सावरत हसतच पुढं झाला आणि त्यानं सासऱ्याच्या काखेत हात घातला. स्कूटरवरनं तीन दिवस ज्याच्याशी बोलला नव्हता त्या सासऱ्याला तो म्हणाला, "चला बाबा, पाय इथं ठेवा." अडते कण्हत होते, बाईसाहेब देवाचं नाव घेत होत्या, एका चपलेतनं पचक पचक आवाज येत होता, मी मागनं शिट्टी वाजवत होते. आमचे मालक सगळ्यांच्या पुढं. मागं वळून बघायची त्यांची छाती होत नव्हती.

दरवाजा आला. खरंच वळणाआड. दोन बुरूज पुढं आलेले, मधनं वाट. जावई आनंदानं ओरडलाच, "बघा! मी म्हटलं नव्हतं?" आणि त्याच वेळी ह्यांनी काय केलं? सवय हो, पंधरा वर्षांची सवय! बरोबर त्या ठिकाणी, चिखलाच्या किल्ल्यात दाखवलेल्या, ते बाजूला झाले, टाचा जुळवल्या, छाती काढली आणि छडी खांद्याला लावून उभे राहिले.

पाहुणे दचकून थांबले. सगळा लवाजमा दारात उभा. अडते धापा टाकतायत, आत जायचं कुणाला सुधरेना.

"आत सोडतात ना?" बाईसाहेबांनी हळूच विचारलं.

हे छडी आणखी ताठ धरून उभे. मी जवळ गेले. दिवसभर वन्सं 'या' म्हणाल्या, माझी आई 'या' म्हणाली, जिथं गेलो तिथं ह्यांच्या आधी दुसरंच कुणीतरी म्हणत गेलं. आता हे दार त्यांचं होतं, आणि हा माणूस मुका.

"आवं," मी म्हटलं, "'या' म्हणा की त्यास्नी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आमच्या दोघांत काय ठरलं होतं ते आम्हा दोघांनाच माहीत. एकदा हे म्हटलं की खोली गेली, नळ गेला, सोमवार गेला. ते बघतच राहिले, म्हणजे मीच पुन्हा एकदा सांगावं अशी वाट बघत असल्यासारखे.

"म्हणा!" मी ओरडले.

"या," ते म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, "या, या! आत या! जपून, उंबरा हाय!"

अडते आत गेले. बाईसाहेब गेल्या, पचक पचक. लेक गेली. जावई दारात थांबून भिंतीवर थाप मारून गेला. त्या एवढ्या मोठ्या दारात आम्ही दोघंच राहिलो. मी पदरानं तोंड पुसलं, शिट्टी त्यांच्या हातात दिली आणि हंड्यांनी खांद्यात गेलेली मान वर करून आत पाऊल टाकलं.

तर ह्यांनी मला सलाम ठोकला. टाच आपटून, कडक, साहेबाच्या गाडीला ठोकायचे तसा.

"पुरं झालं," मी म्हटलं, "पाव्हणं बघत्यात."

पण ते हात खाली घेईनात. मी आत जाईपर्यंत घेतलाच नाही.